चंदगड तालुक्यातील घरबांधणी आणि बांधकाम परवानगी : एक ऐतिहासिक अभ्यास (१८७९ ते २०२१)

प्रस्तावना :

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या मूलभूत गरजांपैकी निवारा ही एकच गरज अशी आहे की जी भागविण्यापूर्वी सामान्य माणसाला शासनाच्या दारात उभे राहावे लागते. घर कोणत्या जागेवर, किती आकाराचे आणि कोणाच्या संमतीने बांधावे याविषयीचे नियम आधुनिक शासनसंस्थेबरोबरच विकसित झाले. शहरांच्या संदर्भात या विषयाचा विचार बराच झाला आहे. मुंबई, पुणे यांसारख्या नगरांच्या विकास योजना, त्यांतील आरक्षणे आणि अनधिकृत बांधकामे यांवर विपुल लेखन उपलब्ध आहे. मात्र ग्रामीण भागातील, विशेषतः सीमावर्ती व डोंगराळ तालुक्यांतील घरबांधणी आणि परवानगीची व्यवस्था यांच्या संबंधाचा इतिहास तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे.

या दृष्टीने कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचे उदाहरण लक्षणीय ठरते. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या या तालुक्याच्या एका बाजूस कर्नाटकातील बेळगाव जिल्हा, तर दुसऱ्या बाजूस सह्याद्रीच्या पलीकडे सिंधुदुर्ग जिल्हा आहे. या तालुक्याचा जिल्हा १९५६ साली बदलला. चंदगड हे तालुक्याचे मुख्य ठिकाण २०१९ साली ग्रामपंचायतीच्या कारभारातून नगरपंचायतीच्या कारभारात गेले. त्यानंतर दोनच वर्षांत ग्रामीण भागातील छोट्या घरांना नगररचना विभागाच्या मंजुरीतून सूट देण्याचा निर्णय राज्य शासनाने जाहीर केला. ‘घर बांधण्यास नगररचनेची परवानगी केव्हा लागते?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे येथे काळानुसार आणि स्थळानुसार सतत बदलत गेले. या बदलांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

संशोधनाची उद्दिष्टे :

१. चंदगड परिसरात घरबांधणीस लागू असलेल्या कायद्यांचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२. गावठाण, ग्रामपंचायत हद्द, प्रादेशिक योजना क्षेत्र व नगरपंचायत हद्द यांचा परवानगीच्या आवश्यकतेशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
३. २०२० व २०२१ मधील सवलतींचे ऐतिहासिक महत्त्व व त्यांच्या मर्यादा तपासणे.

गृहीतक :

ग्रामीण भागात परवानगीची आवश्यकता ही दीर्घकाळ घराच्या स्वरूपावरून नव्हे, तर घर ज्या प्रशासकीय रेषेच्या आत किंवा बाहेर येते त्यावरून ठरत आली आहे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक संशोधन पद्धतीचा अवलंब केला आहे. अधिनियमांतील तरतुदी, शासनाच्या नियमावली आणि प्रसिद्ध झालेले शासकीय निर्णय यांवर विवेचन आधारलेले आहे. विषय स्पष्ट करण्यासाठी घेतलेली कुटुंबाची उदाहरणे काल्पनिक असून ती केवळ तरतुदींचा परिणाम दाखविण्यापुरती आहेत.

विषय विवेचन :

१) गावठाणाची रेषा :

ब्रिटिश काळात चंदगड हा बेळगाव जिल्ह्यातील बेळगाव तालुक्याचा एक पेटा होता. शेजारचे कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. चंदगडचा प्रदेश मात्र त्यापूर्वीपासूनच थेट मुंबई इलाख्याच्या कायद्याखाली होता. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात संस्थानात जयसिंगपूरसारखी आखीव बाजारपेठ वसविली गेली. चंदगडच्या वाट्याला असे नियोजन आले नाही. त्याच्या वाट्याला आली ती मुंबई जमीन महसूल संहिता, १८७९.

या संहितेचा मूळ हेतू घरांचे नियमन करणे हा नव्हता. शेतजमिनीवरील सारा निश्चित करणे व तो वसूल करणे हा होता. घराचा प्रश्न तिच्यात साऱ्याच्या अनुषंगाने आला. कलम १२६ नुसार गावाच्या वस्तीत कोणत्या जमिनी मोडतात हे ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकारी किंवा मोजणी अधिकारी यांना मिळाला. हीच गावठाणाची रेषा होय. रेषेच्या बाहेर सर्व्हे नंबर, आकारणी आणि सारा. रेषेच्या आत वस्ती. कलम ६५ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतात शेतीपयोगी इमारत बांधण्याचा, विहीर खोदण्याचा हक्क होता. परंतु जमीन शेतीखेरीज अन्य कारणासाठी वापरावयाची झाल्यास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. मराठी व्यवहारात रूढ झालेल्या ‘बिनशेती’ या शब्दामागे हीच तरतूद आहे.

म्हणजेच ग्रामीण घरबांधणीवरील पहिले नियंत्रण नगररचनेचे नव्हते, महसुलाचे होते. घरात हवा खेळते की नाही, सांडपाणी कोठे जाते, शेजाऱ्याच्या भिंतीपासून अंतर किती, हे प्रश्न त्यात नव्हते. घर शेतसाऱ्याच्या जमिनीवर उभे आहे काय, एवढाच प्रश्न होता.

चंदगडच्या भूगोलामुळे या रेषेला विशेष अर्थ प्राप्त झाला. तालुक्याचा पश्चिम भाग घाटमाथ्याचा आणि अतिपावसाचा. येथे एकगठ्ठा वस्तीच्या गावांबरोबरच डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या आणि धनगरवाडे आहेत. माती किंवा जांभ्या दगडाच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, पुढे सोपा, आत माजघर, लगत गोठा आणि मागे परडे अशी येथील घराची पारंपरिक रचना. अशा घरात राहणे आणि शेती करणे या दोन वेगळ्या क्रिया नव्हत्या. कायद्याने मात्र त्या वेगळ्या केल्या. गावठाणातील घराला ‘वस्ती’ म्हणून मान्यता मिळाली. वाडीवरील घर पिढ्यान् पिढ्या उभे असले तरी गावठाण म्हणून हद्द निश्चित झाली नसेल तर ते कागदावर शेतातच राहिले.

२) नगररचनेचा उदय आणि ग्रामीण भागाचे वेगळेपण :

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली आणि १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ (इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) अस्तित्वात आले. दाटीची वस्ती आणि रोगराई यांचा संबंध शासनाला जाणवला तो या काळात. १९१४ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचना खात्याची सुरुवात झाली आणि १९१५ मध्ये मुंबई नगररचना अधिनियम संमत झाला. भारतातील या प्रकारचा हा पहिला कायदा होय. त्याचा भर नगरांलगतच्या मोकळ्या जमिनींची आखणी करून रस्ते व भूखंड पाडण्यावर होता. पुढे मुंबई नगररचना अधिनियम, १९५४ ने स्थानिक प्राधिकरणांवर संपूर्ण हद्दीची विकास योजना तयार करण्याची जबाबदारी टाकली. हा कायदा १ एप्रिल १९५७ पासून अंमलात आला.

या दोन्ही कायद्यांची दृष्टी नागरी होती. चंदगडसारख्या पेट्यातील खेड्यांच्या दैनंदिन घरबांधणीला त्यांचा स्पर्श झाला नाही. ‘नगररचना’ या शब्दातच ‘नगर’ आहे. खेडे त्याच्या कक्षेबाहेर राहिले. परिणामी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथील घर बांधणाऱ्याचा संबंध तलाठी, पाटील आणि फार तर मामलेदार यांच्याशी येत होता.

३) १९५६ : तालुका तोच, जिल्हा वेगळा :

राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ नुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. त्यास अपवाद होता तो चंदगड तालुक्याचा. तो मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याचा भाग बनला. सीमाप्रश्नाच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख नेहमी येतो; परंतु घरबांधणीच्या दृष्टीने तिचा विचार क्वचितच झाला आहे.

पुनर्रचनेपूर्वी बेळगावलगतचे गाव आणि शिनोळीसारखे चंदगडकडील गाव एकाच संहितेखाली होते. त्यानंतर त्यांच्या कायद्यांचे मार्ग वेगळे झाले. सीमेपलीकडे म्हैसूर नगर व ग्राम नियोजन अधिनियम, १९६१ आला. अलीकडे मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ आणि नंतर महाराष्ट्र राज्याचे १९६६ चे कायदे आले. दोन्ही बाजूंना नातेसंबंध, शेती आणि बाजारहाट असलेल्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत एकाच घराण्यातील दोन घरे दोन राज्यांच्या नियमांखाली आली. घरांची बांधणी तीच, पाऊस तोच. बदलली ती रेषा.

४) ग्रामपंचायतीचा परवाना :

मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ ने ग्रामीण घरबांधणीत प्रथमच स्थानिक लोकनियुक्त संस्थेची परवानगी आणली. ग्रामपंचायतीच्या पूर्वपरवानगीशिवाय इमारत उभारू नये किंवा पुन्हा बांधू नये असे या कलमाचे मूळ स्वरूप होते. ही तरतूद अनेक अर्थांनी महत्त्वाची आहे. परवानगी देणारी संस्था गावातच होती. अर्जदार आणि निर्णय घेणारे परस्परांना ओळखत होते. रस्त्याची रुंदी, पाण्याचा उतार, शेजाऱ्याची हरकत या बाबी पाहण्यासाठी नकाशापेक्षा प्रत्यक्ष जागा समोर होती.

या व्यवस्थेला दोन मर्यादा होत्या. पहिली तांत्रिक : इमारतीची मजबुती, पायाची खोली, पुराची रेषा यांविषयी मत देणारा तज्ज्ञ ग्रामपंचायतीकडे नव्हता. दुसरी अधिक गंभीर मर्यादा कागदपत्रांची होती. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना नंबर ८ मध्ये होत असे. ही नोंद घरपट्टीसाठी असते. मालकी सिद्ध करण्यासाठी ती नाही. तरीही व्यवहारात ‘आठ-अचा उतारा’ हाच घराचा पुरावा समजला गेला. परवाना, घरपट्टीची पावती आणि उतारा असलेले कुटुंब आपले घर पूर्णतः कायदेशीर आहे असे मानत राहिले. जमीन गावठाणाबाहेरची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची बिनशेती परवानगी ही स्वतंत्र बाब होती, हे त्यांना अनेकदा कर्ज किंवा खरेदीखताच्या वेळीच कळत असे.

५) १९६६ चे दोन कायदे :

महाराष्ट्रातील घरबांधणीचा आजचा कायदेशीर पाया १९६६ च्या दोन अधिनियमांनी घातला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम ११ जानेवारी १९६७ पासून आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आली.

पहिल्या कायद्याने ‘विकास’ या शब्दाची व्यापक व्याख्या केली. जमिनीवर, जमिनीखाली किंवा जमिनीच्या वर केलेले बांधकाम, इमारतीत किंवा तिच्या वापरात केलेला मोठा बदल, जुनी इमारत पाडणे, तसेच जमिनीचे अभिन्यास व उपविभाजन या सर्वांचा त्यात अंतर्भाव झाला. इंग्लंडमधील १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यातील व्याख्येशी तिचे साम्य स्पष्ट आहे. कलम ४३ नुसार विकास योजना तयार करण्याचा इरादा जाहीर झालेल्या क्षेत्रात नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय विकास करता येत नाही. कलम ४४ अर्जाविषयी, तर कलम ४५ मंजुरी किंवा नामंजुरीविषयी आहे. साठ दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूदही त्यात आहे. मात्र बांधकाम नियमांशी सुसंगत असणे आवश्यक ठरते. परवानगीची मुदत एक वर्षाची असून ती वाढवून घेता येते. विनापरवाना बांधकामासाठी कलम ५२ मध्ये शिक्षा आणि कलम ५३ मध्ये बांधकाम काढून टाकण्याची नोटीस आहे.

परवानगी केव्हा लागत नाही, हेही कलम ४३ च्या परंतुकात सांगितले आहे. घराची देखभाल, सुधारणा किंवा केवळ अंतर्भागातील फेरफार, ज्यामुळे बाह्य स्वरूपात विशेष बदल होत नाही, त्यांना परवानगीची गरज नाही. चंदगडच्या संदर्भात ही सवलत फार मोलाची आहे. पावसाळ्यापूर्वीची शाकारणी, फुटलेली कौले बदलणे, भिंतीला गिलावा करणे, जमीन फरशीची करणे ही कामे यात येतात. परंतु कौलारू छप्पर उतरवून स्लॅब टाकणे, वर मजला चढविणे, सोप्याचे दुकान करणे किंवा भावाभावांतील वाटणीनंतर परड्यात स्वतंत्र घर उभारणे ही कामे ‘विकास’ ठरतात. घरमालकाच्या दृष्टीने जी गोष्ट ‘घर दुरुस्त करणे’ असते, ती कायद्याच्या दृष्टीने नवे बांधकाम असू शकते. गैरसमजाचे मूळ बहुधा येथेच आढळते.

याच कायद्याने प्रादेशिक योजनेची संकल्पना आणली. कलम १८ नुसार प्रादेशिक योजनेचा मसुदा प्रसिद्ध झालेल्या क्षेत्रात शेतीखेरीज अन्य वापर किंवा विकास करण्यापूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी आवश्यक झाली. नगरांच्या हद्दीबाहेर हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला आणि तांत्रिक अभिप्राय नगररचना विभागाचा. या तरतुदीने नगररचना प्रथमच खेड्याच्या शिवारात पोहोचली.

दुसरीकडे महसूल संहितेने १८७९ चीच चौकट पुढे चालविली. गावठाणाची हद्द ठरविण्याची तरतूद कलम १२२ मध्ये, तर बिनशेती परवानगीची तरतूद कलम ४२ व ४४ मध्ये आली. ‘शेतघर’ या संज्ञेत धारकाच्या कुटुंबीयांचे, नोकरांचे किंवा कुळांचे निवासस्थान समाविष्ट करण्यात आले, ही वाड्या-वस्त्यांसाठी दिलासा देणारी बाब होती. तथापि शेतघराची सवलत शेतीशी निगडित आहे. मुंबईच्या गिरणीत नोकरी करून निवृत्त झालेला आणि वाटणीत दोन-तीन गुंठे मिळालेला चंदगडचा रहिवासी त्या जागेवर घर बांधू पाहतो तेव्हा ते शेतघर आहे की निवासी इमारत, हा वाद निर्माण होऊ शकतो.

२०१७ च्या दुरुस्तीने संहितेत ४२-ब व ४२-क ही कलमे आणि त्यानंतर ४२-ड हे कलम समाविष्ट झाले. विकास योजना किंवा प्रादेशिक योजनेत निवासी वापरासाठी दर्शविलेल्या जमिनींना स्वतंत्र बिनशेती परवानगीची गरज न ठेवता रूपांतरण कर व इतर देय रकमा भरून घेण्याचे तत्त्व त्यात स्वीकारले गेले. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या परिघातील जमिनींचाही त्यात विचार झाला. १८७९ मधील गावठाणाची रेषा वाढत्या लोकसंख्येला पुरत नाही, याची ही कायदेशीर कबुलीच होती.

६) २०१९ : ग्रामपंचायतीची नगरपंचायत :

संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने ग्रामीण क्षेत्राकडून नागरी क्षेत्राकडे संक्रमण करणाऱ्या वस्त्यांसाठी नगरपंचायतीची संकल्पना मांडली आणि महाराष्ट्रातील नगरपरिषद अधिनियमात त्यानुसार १९९४ मध्ये तरतूद झाली. पुढे तालुक्याच्या मुख्य ठिकाणांना नगरपंचायतींचा दर्जा देण्याचे धोरण राज्यात राबविले गेले. चंदगड नगरपंचायत २०१९ साली अस्तित्वात आली.

घरबांधणीच्या दृष्टीने हा बदल केवळ पाटी बदलण्याचा नव्हता. ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५२ येथे लागू राहिले नाही. त्याऐवजी महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ मधील नव्या इमारतींच्या सूचनेसंबंधीचे कलम १८९ आणि नगररचना अधिनियमातील तरतुदी पुढे आल्या. नगरपंचायत स्वतः नियोजन प्राधिकरण ठरली. सरपंच व ग्रामसेवक यांच्या जागी मुख्याधिकारी आले. साध्या अर्जाऐवजी परवानाधारक अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने तयार केलेला नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, जोते तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र अशी साखळी आली.

ताम्रपर्णी नदीकाठच्या या गावात रवळनाथ मंदिराच्या परिसरातील जुनी दाट वस्ती आणि रस्त्यांलगत वाढलेली नवी वस्ती अशी दोन रूपे एकत्र नांदतात. जुन्या वस्तीतील अरुंद जागांवर सामासिक अंतराचे नियम जसेच्या तसे पाळणे कठीण असते. ग्रामपंचायतीच्या काळात दिलेल्या परवान्यांवर उभी असलेली घरे अबाधित राहिली, तरी त्यांवरील पुढील प्रत्येक वाढीव बांधकामाला नवे नियम लागू झाले. एका रात्रीत गाव बदलले नाही; परंतु गावाला लागू असलेल्या नियमांचा संच बदलला.

७) २०२० व २०२१ : रेषेकडून आकाराकडे :

राज्य शासनाने २ डिसेंबर २०२० रोजी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीस मंजुरी दिली. मुंबई महानगरपालिका आणि काही अपवादात्मक क्षेत्रे वगळता राज्यातील सर्व नियोजन प्राधिकरणे व प्रादेशिक योजना क्षेत्रे एका नियमावलीखाली आली. लहान भूखंडांवरील कमी जोखमीच्या इमारतींसाठी सुलभ कार्यपद्धती हे तिचे एक वैशिष्ट्य होय.

याच आधारावर फेब्रुवारी २०२१ मध्ये ग्रामीण भागाविषयीचा निर्णय जाहीर झाला. तो जाहीर करणारे तत्कालीन ग्रामविकास मंत्री हसन मुश्रीफ हे कोल्हापूर जिल्ह्यातीलच कागलचे. या निर्णयाचे स्वरूप पुढीलप्रमाणे सांगता येते.

१. सुमारे १५० चौरस मीटर, म्हणजे १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधताना मालकीची कागदपत्रे, नियमावलीशी सुसंगत असल्याबाबत परवानाधारक तांत्रिक व्यक्तीने प्रमाणित केलेला नकाशा ग्रामपंचायतीस सादर करावा आणि विकास शुल्क भरावे. स्वतंत्र परवानगीची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही.
२. १६०० ते ३२०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडासाठी अशीच कागदपत्रे व शुल्क दिल्यानंतर ग्रामपंचायतीने दहा दिवसांत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र द्यावे.
३. त्याहून मोठ्या भूखंडावरील बांधकामासाठी नगररचना विभागाची मंजुरी आवश्यक राहील.

या निर्णयाचे ऐतिहासिक महत्त्व असे की, १८७९ पासून प्रथमच परवानगीची आवश्यकता रेषेऐवजी मुख्यतः भूखंडाच्या आकारावरून ठरू लागली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या नगररचना कार्यालयापासून दूर असलेल्या चंदगडच्या खेड्यांना याचा लाभ विशेष होता. एका लहान घराच्या नकाशासाठी घालावे लागणारे हेलपाटे आणि बुडणारी मजुरी यांचा विचार केल्यास सवलतीचे मोल लक्षात येते.

तथापि या सवलतीच्या तीन मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा रेषेचीच आहे. ग्रामविकास विभागाचा निर्णय ग्रामपंचायतींच्या क्षेत्रासाठी होता. चंदगड नगरपंचायतीच्या हद्दीत ग्रामपंचायतच उरली नव्हती. तेथे लहान भूखंडांसाठी एकत्रीकृत नियमावलीतील तरतुदी लागू झाल्या. परंतु अर्ज नगरपंचायतीकडे आणि नागरी कार्यपद्धतीने. समजा, दोन भावांनी सारख्याच आकाराच्या भूखंडांवर सारखीच घरे बांधावयाचे ठरविले. एकाची जागा नगरपंचायत हद्दीत आणि दुसऱ्याची शेजारच्या ग्रामपंचायतीत. घरे सारखी असूनही दोघांना दोन वेगळ्या कार्यालयांची वाट धरावी लागेल.

दुसरी मर्यादा पर्यावरणीय हद्दीची आहे. पश्चिम घाटातील पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा केंद्र शासनाने १० मार्च २०१४ रोजी प्रसिद्ध केला आणि ३१ जुलै २०२४ रोजी तो सहाव्यांदा प्रसिद्ध झाला. कोल्हापूर जिल्ह्यातील घाटमाथ्याची गावे, त्यांत चंदगड तालुक्यातीलही, या चर्चेचा भाग राहिली आहेत. मसुद्यातील बंधने २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांसाठी आहेत. अस्तित्वातील निवासी घरांची दुरुस्ती व वाढ यांना त्यात आडकाठी नाही. असे असूनही ‘घर बांधता येणार नाही’ ही भीती या भागात निर्माण होऊ शकते, कारण रेषा आखली की घर अडते हाच ग्रामीण माणसाचा दीर्घ अनुभव आहे. यात आणखी एक गुंतागुंत अशी की, केंद्राने अधिसूचित केलेली संवेदनशील क्षेत्रे एकत्रीकृत नियमावलीच्या कक्षेतून वगळलेली आहेत. त्यामुळे भविष्यात अंतिम अधिसूचना लागू होणाऱ्या गावांतील छोट्या घरांना कोणती कार्यपद्धती लागू राहील, हे शासनाने वेळीच स्पष्ट करणे अगत्याचे आहे.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. सवलतीच्या दोन्ही प्रकारांत पहिली अट मालकीच्या कागदपत्रांची आहे. गावठाणातील घरांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार झाल्या नसतील तर मालकी सिद्ध करावयाची कशी? गावठाणाला १८७९ मध्ये साऱ्याच्या चौकटीबाहेर ठेवले गेले, त्यामुळे शेताचा सातबारा तयार झाला. घराचा मात्र तसा अधिकार अभिलेख तयार झाला नाही. महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनद्वारे गावठाण मोजणीचा प्रायोगिक प्रकल्प झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली. तिचा हेतू हीच उणीव भरून काढणे हा आहे. परंतु मोजणी गावठाणाची होते. गावठाण म्हणून हद्द न ठरलेल्या वाड्या व धनगरवाडे यांचा प्रश्न त्याने आपोआप सुटत नाही. सामाईक घर, न झालेली वाटणी, वारस म्हणून नोंद न झालेल्या विधवा किंवा बहिणी यांच्या बाबतीत आकाराची सवलत असूनही कागदाअभावी दार बंदच राहते. प्रधानमंत्री आवास योजनेतील घराचे किमान क्षेत्र केवळ २५ चौरस मीटर आहे. तेवढ्या घरासाठी नगररचनेची मंजुरी हा अडसर नसतो, अडसर असतो तो स्वतःच्या नावावरील जागेचा.

निष्कर्ष :

१. चंदगड परिसरात घरबांधणीवरील पहिले शासकीय नियंत्रण महसुली स्वरूपाचे होते. आरोग्य, सुरक्षितता व नियोजन या हेतूंचा त्यात नंतर समावेश झाला.
२. १८७९ ची गावठाण हद्द, १९५६ ची राज्यसीमा, १९६६ च्या कायद्यातील प्रादेशिक योजना क्षेत्र आणि २०१९ ची नगरपंचायत हद्द या चार रेषांनी परवानगीचे उत्तर वेळोवेळी बदलले. घर न बदलता त्याचा कायदेशीर दर्जा बदलू शकतो, हे यावरून दिसून येते. अभ्यासाचे गृहीतक त्यामुळे बहुतांशी सिद्ध होते.
३. २०२० व २०२१ च्या निर्णयांनी भूखंडाच्या आकाराचा निकष आणून ग्रामीण कुटुंबांना महत्त्वाचा दिलासा दिला.
४. हा दिलासा ज्यांच्याकडे मालकीचा कागद आहे त्यांच्यापर्यंत प्रथम पोहोचतो. वाड्या-वस्त्यांची हद्दनिश्चिती, गावठाण मोजणी आणि वारसनोंदी यांशिवाय परवानगीचे सुलभीकरण अपुरे राहते.

समारोप :

घर बांधण्यापूर्वी परवानगी मागणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे, त्याचप्रमाणे परवानगी कोणाकडे, केव्हा आणि कोणत्या कागदावर मागावयाची हे त्याला स्पष्टपणे कळणे हा त्याचा हक्क आहे. चंदगडच्या इतिहासात पहिल्या गोष्टीवर भर राहिला, दुसरीकडे दुर्लक्ष झाले. नगरपंचायत झालेल्या इतर तालुका ठिकाणांचा आणि घाटमाथ्यावरील अन्य तालुक्यांचा असा तुलनात्मक अभ्यास झाल्यास ग्रामीण निवाऱ्याच्या इतिहासावर अधिक प्रकाश पडेल. जमिनीचा इतिहास साऱ्याच्या नोंदींतून लिहिला गेला आहे. घराचा इतिहास मात्र अद्याप नोंद होण्याच्या प्रतीक्षेत आहे.